नवाबाचे रान, गावाचे पाणी

रायगडच्या किनाऱ्यावर येणारा मुंबईकर समुद्राकडे तोंड करून बसतो. काशीदची वाळू, जंजिऱ्याचा तट आणि ताटातली सुरमई एवढे झाले की त्याचा रविवार सार्थकी लागतो. पाठीमागच्या डोंगरउतारांवर फणसाडचे अरण्य उभे आहे, याची त्याला गंधवार्ता नसते.

मुरूड, रोहा आणि अलिबाग तालुक्यांत पसरलेले सुमारे ७० चौरस किलोमीटरचे हे रान म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे राखीव शिकारक्षेत्र. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकारीच्या हौसेने राखलेले जंगल टिकले आणि ज्यांना राखणदारच नव्हता असे कोकणातले कितीतरी डोंगर कोळशापायी, लाकडापायी बोडके झाले. सत्य बोचरे आहे, पण नाकारता येत नाही.

या रानात पायीच फिरावे. ऐन-किंजळाच्या सावलीत झाडांना विळखे घालणारे गारंबीचे दांडगे वेल भेटतात. शेंड्यावरून शेंड्यावर शेकरू झेपावते. बिबट्या आणि पिसोरी दिसतीलच असे नाही. ओल्या मातीतला ठसा वाचता आला तरी पुष्कळ. डॉ. सालीम अलींनी याच किनाऱ्यावर, किहीमला, सुगरणीच्या घरट्यांसमोर तासन् तास बसून केलेले निरीक्षण पुढे प्रसिद्ध झाले. त्यामागचे भांडवल होते ते चिकाटीचे.

उन्हाळ्यात सारे जंगल पाणवठ्यांवर गोळा होते. इथे त्यांना 'गाण' म्हणतात. मुरूडच्या बाजूला नवाबी काळातले गारंबीचे धरण आहे. शहराची तहान त्याने भागवली. पाऊस मुळांनी धरून ठेवला नाही, तर धरणात पाण्याऐवजी गाळ साठतो. म्हणजे सांबर आणि मुरूडकर यांचे पाण्याचे नाते एकाच रानाशी आहे.

मग हे रान राखायचे कोणी? नवाबाने लोकांना बाहेर ठेवून राखले. लोकशाहीत तो मार्ग चालणार नाही, टिकणारही नाही. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे मरत होती; २००६ मध्ये पशुवैद्यकात त्या औषधावर बंदी आली. पण बंदीचा कागद झाडाखाली पहारा देत नाही. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात गिधाडांची घरटी असलेली झाडे जपण्यात गावकऱ्यांनी साथ दिली, म्हणून तिथे गिधाडांना आसरा राहिला.

फणसाडलाही हाच न्याय लावावा. वाट दाखवणारा माणूस जवळच्या गावाचा असावा, पर्यटकांच्या पैशातला वाटा त्या गावाला मिळावा आणि मोटारी व गाणी रानाबाहेर थांबावीत. जंगलाच्या कडेला राहणाऱ्याला जंगल उभे राहण्यात आपला लाभ दिसला, तर त्याच्याइतका जागरूक राखणदार दुसरा नाही. तो न दिसल्यास, अभयारण्याच्या फलकामागे काय शिल्लक उरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.