तालीम आणि उपासना

आश्विन लागला की आमच्या देऊळगाव राजाच्या वाटा बालाजीकडे वळतात. जालना, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा अशा चहूबाजूंनी भाविकांची रीघ लागते. उत्सवाच्या मंडपासाठी जड लाकडी लाटा उभ्या करावयाच्या असतात, आणि त्यांना खांदा देण्यास हातांची कधी वाण पडत नाही. ज्याने वर्षभरात एकदाही देवापुढे निरांजन लावले नाही, तोही त्या दिवशी पुढे सरसावतो. हे दृश्य पाहून ऊर भरून येतो, यात शंका नाही. मात्र लाटा उतरल्यानंतरच्या अकरा महिन्यांत हा खांदा असतो कोठे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना एका परधर्मीय सत्पुरुषाचा दृष्टांत आठवतो. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळी, इ. स. ५५ च्या सुमारास, संत पौलाने ग्रीस देशातील करिंथ नगरीच्या भाविकांना पत्र लिहिले. त्या नगरीजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडामहोत्सव भरत. पौलाने त्याच मैदानाचा आधार घेतला. धावणारा गडी काही दिवसांत सुकून जाणाऱ्या पानांच्या मुकुटासाठी खाण्यापिण्यापासून सर्व बाबतींत संयम पाळतो. मग अक्षय फळाची इच्छा धरणाऱ्याने किती पाळावा, असा त्याचा प्रश्न होता. पुढे तो स्वतःविषयीही लिहितो की, हवेत गुद्दे मारणाऱ्या मुष्टियोद्ध्यासारखा मी लढत नाही, मी माझ्या देहाला ताब्यात ठेवतो. नाही तर इतरांना उपदेश करून मी स्वतःच बाद ठरावयाचा. हे शेवटचे वाक्य प्रत्येक कीर्तनकाराने, आणि सणाच्या पुरवणीत लेख लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांनीही, जपून ठेवावे.

हा विचार आपणांस मुळीच परका नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनाला आवरण्याचे उपाय म्हणून अभ्यास आणि वैराग्य हेच सांगितले आहेत. पतंजलींनी तर अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने व्हावा, अशी अटच घातली. समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापिला, आणि मारुतीपुढे तालीम ही जोडी महाराष्ट्रात रूढ झाली. आपल्या वऱ्हाडातच वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस उभारलेल्या व्यायामसंस्थेने हनुमंताचेच नाव धारण केले, आणि १९३६ साली तिच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. (ख्रिस्ती मंडळींतही असेच घडले. आपल्या शाळांच्या पटांगणांवर खेळला जाणारा व्हॉलीबॉल १८९५ साली अमेरिकेतील ख्रिस्ती तरुणांच्या संघाच्या एका व्यायामशिक्षकाने, विल्यम मॉर्गनने, शोधून काढला.)

तालमीतील एक गोष्ट मात्र आपण देवघरात आणली नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. आपले जोर दुसऱ्याने मारून चालत नाहीत. आजीने पहाटे उठून बैठका काढल्या म्हणून नातवाच्या मांड्या भरत नाहीत. परंतु उपासनेत आपण नेमके हेच गृहीत धरतो. घरातील वृद्ध माउली स्नान करून पूजा करते, पोथी वाचते, उपास धरते. आणि बाकीचे घर नैवेद्याच्या वेळी पाटावर येऊन बसते. ती माउली गेली की तिच्याबरोबर घरातील देवपूजाही जाते. अशी घरे मी एकाहून अधिक पाहिली आहेत. त्या घरांतील माणसे नास्तिक नव्हती. त्यांनी कधी सराव केला नव्हता, एवढेच.

यावर कोणी म्हणेल, देव काय कसरतीने मिळतो? कृपेवाचून सर्व व्यर्थ नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. बालाजीच्या भक्तांत, श्रीवैष्णवांत, हा वाद जुनाच आहे. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट बिलगते, तर मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. भक्ताने कोणासारखे व्हावे? ख्रिस्ती विद्वानांतही प्रयत्न आणि प्रसाद यांवर शतकानुशतके खल झाला. माझ्या अल्पमतीला वाटते, नियमाने कृपा विकत मिळत नाही. परंतु आखाड्यातील माती रोज उकरली नाही तर ती दगडासारखी होते, आणि तीवर पडणारा गडी जायबंदी होतो. माती उकरणे तेवढे आपल्या हाती आहे.

नियम कोठवर ताणावा, हेही एका धावपटूनेच दाखविले. स्कॉटलंडचा एरिक लिडेल हा श्रद्धावान ख्रिस्ती. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली. आपल्याकडे एखादा निष्ठावंत एकादशी मोडणार नाही, तसा तो प्रार्थनेच्या वारी धावण्यास राजी झाला नाही. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढल्याच वर्षी तो धर्मसेवेसाठी चीनला गेला. महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियन येथील छावणीत कोंडले. तेथे तो कोंडलेल्या मुलांचे खेळ घेई, पण रविवारी नाही. एके रविवारी मुले आपसांत खेळली, पंच नसल्यामुळे भांडण जुंपले. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः शिटी घेऊन मैदानात उभा राहिला. १९४५ च्या फेब्रुवारीत, सुटका होण्याच्या काही महिने आधी, मेंदूच्या विकाराने त्याच छावणीत त्याचा अंत झाला.