कायदा पुस्तकात, विष विहिरीत

कारखान्याचे घाण पाणी ओढ्यात उतरले की गावात दोन बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "सरकारने कायदा करायला हवा." दुसरा म्हणतो, "मोठ्यांपुढे आपले काय चालणार?" आम्हांस वाटते, दोघेही चुकतात. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ सालापासून आहे. अडते ते अंमलबजावणीत.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावची हकिकत शेतकरी बांधवांनी ध्यानात ठेवावी. तेथे १९८८ साली रंगांसाठी लागणारे 'एच-अ‍ॅसिड' नावाचे रसायन बनू लागले. त्यासाठी प्रदूषण मंडळाची संमती घेतलेली नव्हती. सुमारे ३७५ टन माल निघाला आणि मागे २,४०० टनांवर विषारी गाळ राहिला. तो उघड्यावर टाकला गेला. विष जमिनीत मुरले, विहिरींचे पाणी काळवंडले. ते ना माणसाच्या कामाचे राहिले, ना गुरांच्या, ना पिकाच्या. लोक खवळून उठले, जमावबंदी लागू झाली, तेव्हा कुठे जानेवारी १९८९ मध्ये तो कारखाना बंद झाला.

पुढे नागपूरच्या 'नीरी' संस्थेने पाहणी केली. सुमारे ३५० हेक्टर क्षेत्राला झळ बसल्याचे दिसले. ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च द्यावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी दिला. खर्च ३७ कोटी रुपयांवर ठरला. पण पैसे आले नाहीत. २०११ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, रक्कम व्याजासह भरा. पैसेच नाहीत, तर विहीर निवळणार कशी?

यात मोठा दोष अधिकाऱ्यांचा. संमतीवाचून कारखाना चालतो, हे पाहण्याचे काम शेतकऱ्याचे नव्हे. पण आपलाही थोडा दोष आहे. मुलाला तेथे काम लागेल या आशेने आपण गप्प बसतो, आणि बोलतो तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, पाण्याचा रंग वा वास बदलला, मासे मेले, तर त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा. चार जणांच्या सह्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा व पोच घ्या. नमुना मंडळानेच रीतसर घ्यावा असा आग्रह धरा; आपण बाटलीत भरलेले पाणी खटल्यात त्याची जागा घेत नाही. मंडळ हलले नाही, तर २०१० साली स्थापन झालेले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे; गोव्यासाठी ते पुण्यात बसते, कर्नाटकासाठी चेन्नईत. तेथे तक्रारीची मुदत साधारण सहा महिने, नुकसानभरपाईच्या दाव्याची पाच वर्षे.

मुदत टळली की खरी तक्रारही वाया जाते. विहीर नासल्यावर रडण्यापेक्षा ओढा गढुळताच अर्ज लिहिलेला बरा.