यंदा मॅकरॉन आणणार नाही

भारतात जायचं तिकीट काढलं की आठवडाभरात घरचे फोन सुरू होतात. "काही नको गं, तू आलीस की पुरे," अशी सुरुवात होते आणि मग हळूच, "ते रंगीत असतात ना, तेवढे मात्र आण." ते रंगीत म्हणजे मॅकरॉन. आत्याला पिस्त्याचे, वहिनीला गुलाबाचे, भाचीला कुठलेही चालतील पण डबा त्याच दुकानाचा हवा. गेली बारा वर्षं मी ल्योंमध्ये राहते आणि बारा वर्षं हे डबे निमूटपणे वाहिलेत. यंदा आणणार नाही. का, ते प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. राग आला तर येऊ दे.

आधी एक कबुली. मॅकरॉन वाईट नसतो. बदामाची पूड, साखर आणि अंड्यातलं पांढरं, एवढ्यावर ते कवच उभं राहतं. घरी करायला जा, पहिले तीन-चार ट्रे फुकट जातात. वरून गुळगुळीत, खाली झालरीसारखी कडा, आत गनाश. भरल्यावर दिवसभर फ्रिजमध्ये मुरू देतात, म्हणजे कवच आतून मऊ होतं. पिएर एर्मे यांचा गुलाब-लिची-रासबेरीचा 'इस्पहान' मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा चालता चालता रस्त्यातच थांबले होते. तेव्हा माझं भांडण मॅकरॉनशी नाही. मॅकरॉन म्हणजेच फ्रेंच मिठाई असं जे आपण ठरवून टाकलंय, त्याच्याशी आहे.

बरं, तोच इतका पुढे का गेला? माझ्या मते, मुख्यतः तो टिकतो म्हणून. एक्लेर सकाळी भरलेला असेल तर संध्याकाळपर्यंत त्याचं शू मऊ पडतं. मिलफयचे पापुद्रे क्रीमच्या ओलाव्याने काही तासांतच कुरकुरीतपणा सोडतात. पॅरिस-ब्रेस्त नावाची सायकलच्या चाकासारखी गोल मिठाई आहे, त्याच नावाच्या सायकल शर्यतीवरून निघालेली, आत प्रालीनचं क्रीम. ती डब्यात घालून बसने दोन स्टॉप नेतानाही माझा जीव मुठीत असतो. यातलं काही पुण्याला पोचणार नाही. मॅकरॉन मात्र फ्रीझरमध्ये राहतो, डब्यात रांगेने बसतो, विमानतळावर मिळतो, इथल्या मॅकडोनाल्ड्सच्या मॅककॅफेतसुद्धा मिळतो. तो जगभर गेला यात चवीपेक्षा त्याच्या प्रवासी प्रकृतीचा हात मोठा आहे.

आणि गंमत म्हणजे तो मुळात असा नव्हताच. नान्सी या गावात अजून जुन्या पद्धतीचे मॅकरॉन मिळतात. चपटे, तपकिरी, वर भेगा पडलेले, ना रंग ना क्रीम. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ साली मठ बंद झाले तेव्हा दोन जोगिणी पोटासाठी ते करून विकू लागल्या. १९५२ साली गावाने एका रस्त्याला 'मॅकरॉनवाल्या भगिनीं'चं नाव दिलं. दोन कवचांमध्ये क्रीम भरलेला रंगीत प्रकार पॅरिसचा, विसाव्या शतकातला. म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणून रांग लावतो, ती बऱ्यापैकी अलीकडची आहे.

हिशोबही करून बघा. नावाजलेल्या दुकानात एक मॅकरॉन अडीच-तीन युरोला, वजन पंधरा-वीस ग्रॅम. म्हणजे किलोला सव्वाशे युरोच्या पुढे. तेवढ्याच पैशांत गल्लीतल्या पातिसरीत जवळजवळ अख्खा एक्लेर येतो, आणि तो ज्याने केला तो माणूस मागच्या दाराआड पीठ झटकत उभा असतो. निदान असू शकतो. इथे एक मेख आहे. फ्रान्समध्ये १९९८च्या कायद्याने 'बुलाँजरी' ही पाटी लावायची तर पाव तिथेच मळून, तिथेच भाजावा लागतो, पीठ गोठवायची परवानगी नाही. पण हा नियम पावाचा. शेजारच्या काचेतल्या एक्लेरला, टार्टला, मॅकरॉनला तो कायदा लागू नाही. ती मिठाई कारखान्यातून गोठून आली तरी पाटी बदलत नाही. त्यामुळे कोण स्वतः करतं आणि कोण खोकं उघडतं, हे शेवटी गिऱ्हाइकानेच ओळखायचं असतं. आणि गिऱ्हाईक जर डब्याचा रंग बघून विकत घेत असेल, तर स्वतः करणाऱ्याने रात्री दोनला उठायचं कशासाठी?

आता खरं कारण सांगते. २०१७च्या जुलैमध्ये आई आली होती. आई अंडं खात नाही. पॅरिसला फिरायला गेलो तेव्हा अर्थातच एका प्रसिद्ध दुकानाच्या रांगेत उभे राहिलो, एक तास दहा मिनिटं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, अंडं नसलेलं काय आहे? ती गोड हसली, माहितीपत्रक दिलं आणि म्हणाली, यात बघा. तिची चूक नाही, तिने त्यातलं काही केलेलंच नव्हतं. आई मला म्हणाली, "तू घे, मी बाहेर बसते."

ल्योंला परत आल्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या पातिसरीत गेलो. साठीचं जोडपं, नवरा आत करायचा, बाई बाहेर विकायच्या. तोच प्रश्न विचारला. बाई काउंटरमागून बाहेर आल्या आणि काचेवर बोट ठेवत एकेक सांगू लागल्या. अंडं, अंडं, अंडं... एका मूसपाशी थांबून म्हणाल्या, यात जिलेटिनही आहे, डुकराचं, तुमच्या आईंना चालणार नाही. मी ते विचारलंही नव्हतं. मग खालच्या फळीवरचा ट्रे काढला. 'पात द फ्रुई', फळाचा गर, साखर आणि पेक्टिन, बस्स. जर्दाळूचा हंगाम होता, फळं इथल्याच ऱ्होनच्या खोऱ्यातली. आईने एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं, ही तर पेरूच्या वडीची बहीण!" महिनाभर ती रोज स्वतः जाऊन दोन तुकडे आणायची. फ्रेंच येत नाही, बाईंना इंग्रजी येत नाही. पण 'बोंजूर'ला 'बोंजूर' व्हायचं आणि काम व्हायचं.

२०२२ साली ते दुकान बंद झालं. मुलांनी वेगळे व्यवसाय धरलेले, विकत घ्यायला कोणी आलं नाही. आता तिथे चष्म्याचं दुकान आहे. मी डबे आणले म्हणून ते बंद पडलं, इतकं खुळं मी बोलणार नाही. पण त्या शेवटच्या वर्षांत मी तिथे किती खर्च केला आणि मॅकरॉनच्या डब्यांवर किती, हे आठवून बघितलं आणि मान खाली गेली. दुकान आवडतं म्हणायचं आणि पैसे दुसरीकडे टाकायचे, असा माझा व्यवहार होता.

तुम्ही म्हणाल, तुझं ठीक आहे बाई, तू तिथे राहतेस. आम्ही चार दिवसांसाठी येणार, गल्लीबोळ कुठे शोधत बसू? मुद्दा बरोबर आहे. म्हणून काही ढोबळ खुणा. रविवारी सकाळी जिथे पिशवी घेतलेली म्हातारी माणसं रांगेत असतील, तिथे उभे राहा. जानेवारीत स्ट्रॉबेरीचा टार्ट दिसला तर पुढे चला. त्याऐवजी त्या दिवसांत बदामाच्या सारणाची 'गालेत' घ्या. तिच्यात एक छोटी बाहुली लपवलेली असते, घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कुणाला ते सांगतं. काचेत प्रकार मोजकेच असतील आणि दुपारपर्यंत निम्मे संपले असतील तर फार चांगलं. आत शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा. आणि विचारा, हे इथेच करता का? जो करतो तो उत्तर द्यायला एका पायावर तयार असतो. मग एकच वस्तू घ्या आणि जवळच्या बाकावर बसून लगेच खा. फोटो नंतर.

तर आत्या, वहिनी, यंदा माझ्या बॅगेत डबा नसेल. ल्योंच्या गुलाबी प्रालीनची पुडी आणेन. साखरेत घोळलेले बदाम, अंडं नाही, आईलाही चालतील, आणि नदीपलीकडे एक माणूस ते अजून स्वतः करतो. बाकी ज्यांना एक्लेर खायचाय त्यांनी इकडे या. रविवारी सकाळी नऊला घरातून निघू. पिशवी नको, भूक घेऊन या.