शिसं कारखान्यातच अडवा, मोहल्ल्यात कशाला येऊ देता?

बिस्किटाचा पुडा हातात घेतला की आपल्या घरातल्या बायका आधी तो उलटा करतात. जिलेटिन कशाचं, ई-नंबर कोणता, हलालचा शिक्का आहे का, सगळं वाचून मगच पुडा पिशवीत जातो. चांगलीच सवय आहे. पण त्याच दुकानाशेजारी दीडशे रुपयांचा चार्जर घेताना आपला प्रश्न एकच असतो, "चलेगा ना भाई?" आतलं सोल्डर कसलं, वायरवरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काय मिसळलंय, हे बेव्हर्ली पार्कपासून नया नगरपर्यंत कुठल्याच काउंटरवर कुणी विचारत नाही. विचारलं तरी दुकानदार बिचारा सांगणार काय? त्यालाही ते कुणी सांगितलेलं नसतं.

विषय आज काढायचं कारण आहे. केंद्र सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या ई-कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी कंपन्यांनी रिसायकलरला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असा दर ठरवला. स्मार्टफोनसाठी तो ३४ रुपये आहे. सॅमसंग आणि एलजी २०२५ मध्ये याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. दर बाजाराने ठरवावा, सरकारने नाही, असं कंपन्यांचं म्हणणं. किमान दर नसेल तर माल पुन्हा भंगारवाल्यांच्या गल्लीत जाईल, असं सरकारचं. आमच्या मते यात सरकारची बाजू जास्त पटण्यासारखी आहे. पण सगळी लढाई चालू आहे ती वस्तू मोडीत निघाल्यानंतर सफाईचा खर्च कुणी उचलायचा यावर. मुळात त्यात विषारी माल भरायचाच का, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

कायदा आहे, हे आधी सांगू. ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले. त्यातली घातक पदार्थ कमी करण्याची अट १ मे २०१४ पासून लागू झाली. पुढे २०१६ चे आणि आता २०२२ चे नियम आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेले हे नियम १ एप्रिल २०२३ पासून चालू आहेत, आणि त्यातला नियम १६ याच विषयाचा आहे. सहा पदार्थांवर मर्यादा आहे: शिसं, पारा, कॅडमियम, हेक्साव्हॅलंट क्रोमियम आणि आग लवकर पकडू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात ती ब्रोमिनची दोन रसायनं, पीबीबी आणि पीबीडीई. कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्का, बाकी पाचांची ०.१ टक्का. ही मर्यादा अख्ख्या फोनच्या वजनावर मोजत नाहीत. प्रत्येक एकजिनसी भागावर मोजतात. सोल्डरचा टिपका वेगळा, वायरचं आवरण वेगळं, स्क्रूवरचा मुलामा वेगळा. देगेत एकूण मीठ किती हे बघायचं नाही, प्रत्येक घास चाखायचा, असा तो हिशोब आहे.

हे पदार्थ कारखानदार उगाच वापरत नव्हते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांवर वितळतं, छान पसरतं, स्वस्त पडतं. शिसं काढून चांदी-तांब्याचं मिश्रण घेतलं की तापमान २१७ अंशांच्या वर जातं, मशीनं बदलावी लागतात, खर्च वाढतो. युरोपात हा नियम येत होता तेव्हा अनेक कंपन्यांनी हेच रडगाणं गायलं होतं. पण २००१ च्या अखेरीस एक घटना घडली. हॉलंडमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनचे सुमारे १३ लाख संच अडवले गेले, कारण केबलमध्ये कॅडमियम मर्यादेपेक्षा जास्त निघालं. ऐन नाताळचा हंगाम होता. सोनीला कोट्यवधी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर सोनीने माल पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याची तपासणी सुरू केली. केबल बनवणारा कोण, त्याला प्लास्टिक देणारा कोण, त्यात रंग घालणारा कोण, इथपर्यंत. १ जुलै २००६ ला युरोपचा नियम लागू झाला तेव्हा जगभरच्या मोठ्या कंपन्यांच्या लायनी शिसंमुक्त झालेल्या होत्या. एक शिपमेंट अडली आणि अशक्य म्हणत होते ते शक्य झालं, बघा.

आपल्याकडे मर्यादा कागदावर तीच आहे, अडवणारा हात मात्र ढिला आहे. उत्पादकाने स्वतःच जाहीर करायचं की माझा माल नियमात बसतो. ती ओळ माहितीपुस्तिकेत छापलेली असते, चाकाच्या डब्यावर फुली मारलेल्या चित्राच्या आसपास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधूनमधून नमुने तपासायचे. मंडळाने नमुने बाजारातून उचलावेत आणि निकाल कंपनीच्या नावासकट जाहीर करावेत, एवढी तरी मागणी आपण करायला हवी. चार्जरवर बीआयएसचा शिक्का असतो ना, असं काही जण म्हणतात. तो शिक्का शॉक लागू नये, आग लागू नये यासाठीच्या तपासणीचा आहे. आत शिसं किती, हे तो सांगत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, दुकानात गल्लत होते.

दुसरी फट जास्त मोठी आहे. सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागूच नाहीत. गरीब कारागिराला कागदपत्रांचा जाच नको, हा हेतू योग्यच. आपल्यातले कितीतरी लोक असेच छोटे गाळे चालवतात. पण १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची व्याख्या मोठी झाली. उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटींवर गेली. वर्षाला १० कोटींचे चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, ब्लूटूथ स्पीकर जोडून विकणारा गाळा आता "सूक्ष्म" ठरतो. सवलत हिशोबाच्या वह्यांपुरती ठेवा, विषाला सवलत कशाला? शिसं छोट्या गाळ्यातून आलं म्हणून मुलाच्या मेंदूला कमी त्रास देत नाही. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषून घेतं.

तिसरी गोष्ट घरात मूल असलेल्या प्रत्येकाने ऐकावी. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं वापरतात. शरीरातल्या हार्मोनच्या कामात ती ढवळाढवळ करतात. युरोपने त्यातली चार जुलै २०१९ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या यादीत घातली. आपल्या सहाच्या यादीत ती नाहीत. गंमत अशी की खेळण्यांसाठी आपल्याकडे थॅलेटचं मानक सक्तीचं आहे. म्हणजे दुकानातून आणलेल्या रबरी बदकाला नियम आहे, आणि सोफ्यावर बसून बाळ जी चार्जरची वायर चघळतं तिला नाही.

आता दुकानाच्या आतल्या पोरांविषयी. मीरा रोडला मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरमागे आपली किती मुलं बसतात, हे सांगायला सर्वेक्षण नको. दहावी-बारावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स, मग चुलतभावाच्या दुकानात उमेदवारी. कारखाने शिसंमुक्त झाले तरी रिपेअरच्या टेबलावर १८३ अंशांवाली जुनी तारच चालते, कारण काम पटकन होतं आणि नाजूक बोर्ड कमी तापतो. मुलं धुराला घाबरतात, पण त्या धुरात मुख्यतः फ्लक्स असतो. त्याने दमा वाढतो, डोळे चुरचुरतात. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसं जातं ते बोटांवाटे. तार बोटात धरली, त्याच बोटांनी वडापाव खाल्ला, त्याच हातांनी घरी धाकट्याला उचलून घेतलं. उपाय साधा आहे: खाण्याआधी साबणाने हात, कामाच्या टेबलावर चहाचा ग्लास नाही, कामाचा शर्ट वेगळा धुवायचा, आणि धूर तोंडाकडून बाहेर ओढणारा छोटा पंखा. दिवसाला पाच वेळा वुजू करणाऱ्या समाजाला हात धुणं कुणी शिकवायची गरज नाही. फक्त इथे साबण लागतो, नुसतं पाणी पुरत नाही.

बोर्ड पुसायला वापरतात त्या थिनरचंही तसंच. चीनमधल्या सुझोऊ शहरात विंटेक नावाच्या कारखान्यात २००९ साली फोनच्या काचा पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरलं गेलं, कारण ते लवकर सुकतं आणि लाइन जोरात चालते. १३७ कामगारांना विषबाधा झाली. नसांवर परिणाम झाला, काहींना चालणं अवघड झालं. अ‍ॅपलने पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये शेवटच्या जोडणीच्या कामात एन-हेक्झेन आणि बेन्झीनवर बंदी घातली. पाच वर्षं लागली, तीही जगभर बोभाटा झाल्यावर.

हे लांबचं वाटत असेल तर पुण्याजवळचं रांजणगाव आठवा. एलजीचा कारखाना तिथे २००४ पासून आहे. केंद्राने मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सुटे भाग देशात बनवण्यासाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात सर्किट बोर्डही आहेत, आणि बोर्ड बनवणं हा या धंद्यातला सर्वांत रसायनखोर टप्पा. आम्लं, तांब्याचे क्षार, सॉल्व्हंट, सगळं तिथेच लागतं. रोजगार येतोय याचा आनंद आहे. आयटीआय झालेल्या आपल्या मुला-मुलींना तिथे नोकऱ्या मिळाव्यात, इन्शाअल्लाह मिळतील. पण सरकारी अनुदान घेणाऱ्या कारखान्याने लाइनवर कोणती रसायनं वापरतो त्याची यादी कामगाराच्या भाषेत भिंतीवर लावावी, ही अट अनुदानाच्या करारातच हवी. नंतर मागून मिळत नाही.

कारखान्यात जे अडवलं नाही ते शेवटी कुठे जातं? कुर्ल्याच्या, साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत, दिल्लीच्या सीलमपूरमध्ये, मुरादाबादला रामगंगेच्या काठावर. तांब्यासाठी वायरी जाळणारे आणि सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवणारे हात कुणाचे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुरादाबादेत पितळेचं काम बसलं तसे कारागीर या कामाला लागले. २०२१-२२ मध्ये देशात १६ लाख टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम ५ लाख २७ हजार टन अधिकृतपणे गोळा होऊन प्रक्रियेला गेला. उरलेला याच हातांमधून गेला किंवा ओल्या कचऱ्यात मिसळला. भंगारवाल्याला गुन्हेगार ठरवणारे लेख आम्ही बरेच वाचले आहेत. त्याने ते शिसं वस्तूत घातलेलं नसतं.

आणि ते फिरून घरी येतं. जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरचं काळं प्लास्टिक वितळवून त्याची स्वस्त खेळणी बनतात. आयपेन या संस्थेने २०१७ साली २६ देशांतली अशी खेळणी, विशेषतः रंगीत चौकोनी कोडी, तपासली. बहुतेकांत बंदी असलेली ब्रोमिनची अग्निरोधक रसायनं निघाली. ईदीच्या पैशांतून मुलं घेतात ती अशीच स्वस्त खेळणी.

आपल्या शहरात घरातला कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो. तिथे आग लागते, धूर होतो आणि तो उत्तनच्या कोळी बांधवांच्या घरात शिरतो. आपण जुना इअरफोन भाजीच्या सालांबरोबर टाकतो तेव्हा तो धूर आपलाही असतो. बेव्हर्ली पार्कमधल्या सोसायट्यांना यात फार काही करावं लागत नाही. वॉचमनच्या केबिनमागे एक पत्र्याची पेटी ठेवायची, त्यात चार्जर, वायरी, जुने फोन, सीएफएल वेगळ्या खोक्यात, कारण त्यात पारा असतो आणि ती फुटता कामा नये. पेटी भरली की मंडळाकडे नोंद असलेल्या रिसायकलरला बोलवायचं आणि पावती घ्यायची. असा कारखाना खाडीपलीकडे वसईतच आहे. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीत एकदा घोषणा झाली तर एका महिन्यात पेटी भरेल.

मुख्य काम मात्र मंडळाचं आहे. हातात धरायची एक्स-रे बंदूक असते, एक्सआरएफ म्हणतात तिला. वस्तूवर धरली की काही सेकंदांत शिसं, कॅडमियम, पारा, ब्रोमिन यांचे आकडे दाखवते. संशय आला तर तेवढाच नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. मीरा रोड स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून पन्नास चार्जर आणि वायरी घेऊन तपासायला एक दुपार पुरते. पुढचंही नियमात लिहिलेलं आहे: माल नापास झाला तर उत्पादकाला तो बाजारातून परत घ्यावा लागेल. ठाण्याच्या प्रादेशिक कार्यालयाला तसं लेखी निवेदन द्यायचं, आणि त्यावर स्टॉलवाल्यांच्या नाही, तर त्यांना माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांच्या आणि आयातदारांच्या तपासणीची मागणी आधी घालायची.