राखणीच्या कुत्र्याचं ताट आणि आपलं यकृत

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या खाण्यावर का लिहावं, असं काही वाचकांना वाटेल. कारण साधं आहे. कुत्र्याच्या पुढ्यात आपण काय टाकतो, त्यावर घरातल्या माणसांचा एक आजार अवलंबून असतो, आणि तो आजार सोनोग्राफीत दिसतो तेव्हा त्याला बरीच वर्षं होऊन गेलेली असतात.

आमच्या तीर्थपुरी भागात कुत्रं हौसेपेक्षा कामासाठी जास्त पाळलं जातं. आखाड्यावर रात्रीची राखण, उसातून आणि मोसंबीच्या बागेतून रानडुकरं हुसकणं, मेंढरांच्या कळपामागे दिवसभर चालणं, ही त्याची कामं. अशा कुत्र्याला उत्तम खाणं कोणतं, यावर सध्या दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे पाकिटातलं महागडं खाद्य. दुसरं मोबाईलवरून आलेलं: कुत्रं म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मांसच द्यावं. माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. आपली भाकरी, तिच्या जोडीला शिजवलेली प्रथिनं आणि थोडी चरबी, एवढ्यावर राखणीचं कुत्रं उत्तम काम करतं. आणि कच्ची आतडी, काळीज, फोपसं त्याला कधीही देऊ नयेत.

भाकरी चालते, पण नुसती भाकरी पुरत नाही

कुत्रं आणि लांडगा यांच्या पचनात मोठा फरक आहे. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, स्टार्च पचवणाऱ्या अमायलेज या पाचक रसाचं जनुक दोघांत तपासलं गेलं. लांडग्यात त्याच्या 2 प्रती होत्या, कुत्र्यांत 4 ते 30. हजारो वर्षं माणसाच्या दारात राहून कुत्र्याने धान्य पचवायची ताकद कमावली आहे. त्यामुळे ‘भाकरी म्हणजे कुत्र्याला विष’ हे खरं नाही.

पण सकाळ-संध्याकाळ चतकोर कोरडी भाकरी टाकली की झालं, हेही बरोबर नाही. प्रौढ कुत्र्याच्या आहारात, पाणी वगळून उरणाऱ्या भागात, किमान 18 टक्के प्रथिनं असावीत असं मानलं जातं. ज्वारी-बाजरीत ती 10-11 टक्क्यांच्या आसपास असतात. म्हणजे नुसत्या भाकरीवर पोट भरतं, पण स्नायू झिजतात, केस निस्तेज होतात, जखमा लवकर भरत नाहीत.

दुसरी उणीव चरबीची. दिवसभर चालणाऱ्या कुत्र्याचं मुख्य इंधन चरबी असते. संत नामदेवांची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. गोष्ट भक्तीची आहे, पण आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ती वाटी योग्यच होती.

ताटात काय असावं

साधारण 20 किलोच्या, रात्री राखण करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला 1000 ते 1200 कॅलरी लागतात. कळपामागे मैलोन्‌मैल चालणाऱ्याला याहून बऱ्याच जास्त. 1100 कॅलरींचा हिशेब असा बसतो: प्रत्येकी 100 ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी, 100 ग्रॅम शिजवलेलं चिकन आणि दोन चमचे तेल. चिकन नसेल त्या दिवशी एखादं अंडं वाढवा, किंवा फोडणी न घातलेलं घट्ट वरण, शिजवलेलं सोयाबीन द्या. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, बारीक दळून त्यातली अर्धा चमचा पूड मिसळता येते. पिल्लं आणि गाभण कुत्री यांचं गणित वेगळं असतं. ते पशुवैद्यकांकडूनच ठरवून घ्या.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे बघायला वजनकाटा लागत नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून डोळ्यांना मोजता येऊ नयेत. मोठं जेवण काम संपल्यावर द्यावं. भरल्या पोटी पळापळ झाली तर मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पाणी मात्र कायम समोर हवं.

तीन गोष्टी टाळा. मटणाचा उरलेला रस्सा, कारण त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतो. शिजवलेली हाडं, कारण त्यांचे अणकुचीदार तुकडे आतड्याला भोक पाडू शकतात. आणि द्राक्षं-मनुका, कारण त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पाकिटातलं खाद्य वाईट नाही, ज्याला परवडतं त्याने जरूर द्यावं. पण ते परवडत नाही म्हणून आपलं कुत्रं उपाशी आहे, अशी खंत बाळगायचं कारण नाही.

कच्च्या आतड्यांचा प्रश्न

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. कंदुरी असो, जत्रा असो, मटणाचं दुकान असो किंवा कळपातली मेंढी मरून पडलेली असो, आतली घाण कुत्र्यांपुढे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या काळजात, फोपशात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी असतात. त्यांत एका फीतकृमीची पिल्लं असतात. या कृमीचं नाव एकिनोकॉकस. कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की सुमारे सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात कृमी मोठे होतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडू लागतात. कृमी असतो जेमतेम काही मिलिमीटरचा. कुत्र्याला काही त्रास होत नाही, ते ठणठणीत दिसतं.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती कुत्र्याच्या केसांना चिकटतात, अंगणातल्या मातीत, भाजीच्या वाफ्यात, पाण्यात जातात. ओलाव्यात कित्येक महिने जिवंत राहतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता जेवलं, किंवा न धुतलेली कोथिंबीर, मेथी कच्ची खाल्ली, की ती आपल्या पोटात. तिथून रक्तावाटे बहुतेक वेळा यकृतात, काही वेळा फुप्फुसात, क्वचित मेंदूत किंवा हाडात जातात आणि तिथे गाठ धरतात. तिला आम्ही हायडॅटिड सिस्ट म्हणतो. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. लहानपणी शिरलेलं अंडं चाळिशीत त्रास देऊ शकतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा आजार मटण खाल्ल्याने होत नाही. तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे होतो. त्यामुळे आयुष्यात मांसाला न शिवलेल्या माळकरी माणसालाही तो होऊ शकतो. गावात कोणीतरी कुत्र्यापुढे टाकलेली आतडी भलत्याच घराला भोवतात. म्हणून कुत्र्याला काय घालायचं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न आहे, असं मी मानत नाही.

दोन देशांनी काय केलं

मेंढ्या आणि कामाची कुत्री जिथे भरपूर, तिथे हा आजार घरोघरी असे. आइसलँडमध्ये 1860 च्या दशकात हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने लोकांसाठी सोप्या भाषेत एक पुस्तिका लिहिली. तिचा गाभा एवढाच: गाठी असलेले अवयव कुत्र्याला देऊ नका, कुत्र्यांना जंताचं औषध द्या. पुढे कायदेही झाले आणि तिथून हा आजार हद्दपार झाला. न्यूझीलंडने 1959 च्या कायद्यानंतर कच्चे अवयव कुत्र्यांना घालण्यावर बंदी आणि नियमित औषध, दोन्ही नेटाने राबवलं. 2002 मध्ये तो देश या आजारापासून तात्पुरता मुक्त जाहीर झाला. यात कुठलीही महागडी यंत्रं नव्हती. बदललं ते मुख्यतः कुत्र्याचं ताट.

नेहमीचे आक्षेप

‘आमचे बाप-आजे हेच घालत आले, कुणाला काही झालं नाही.’ झालं असेल, पण कळलं नसेल. सोनोग्राफी गावागावांत पोचून फार वर्षं झालेली नाहीत.

‘रानात हिंडणारा माणूस आतडी शिजवत कुठे बसेल?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणून शिजवणं जमत नसेल तर पुरा. तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना, माती, आणि उकरू नये म्हणून दगड आणि बाभळीचे काटे. शिजवणार असाल तर तुकडे लहान करून, उकळी आल्यावर किमान अर्धा तास. वरवर भाजणं पुरेसं नाही.

मेंढपाळालाच सगळा उपदेश करून आपली सुटका होत नाही. मटणाच्या दुकानामागे आणि जत्रेच्या ठिकाणी झाकणाचा खड्डा असणं, तो वापरला जातो की नाही हे पाहणं, ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. ग्रामसभेत हा विषय मांडा.

याच्या जोडीला राखणीच्या कुत्र्याला ठरावीक काळाने जंताचं औषध द्या. फीतकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध चालतं. डोस आणि किती महिन्यांनी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात वजनानुसार ठरवून घ्या. दरवर्षी रेबीजची लस चुकवू नका. मुलांना कुत्र्याशी खेळल्यावर साबणाने हात धुवायची सवय लावा.

उजव्या बरगडीखाली जडपणा, हाताला लागणारी गाठ, न थांबणारा खोकला, असा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि घरी कुत्री-मेंढरं आहेत हे आवर्जून सांगा. गाठ निघाली तरी घाबरू नका. तिचा आकार आणि अवस्था बघून गोळ्या, सुईने पाणी काढणं, शस्त्रक्रिया किंवा नुसती देखरेख, असे उपाय ठरतात. पण जंताची एखादी गोळी स्वतःच घेऊन ती जात नाही. आणि पोट चोळून, दाबून घेऊ नका. गाठ आत फुटली तर जिवावर बेततं.

जे कुत्रं रात्रभर जागून आपलं रान राखतं, त्याला दोन अंडी आणि चमचाभर तेल जास्त द्या. कच्ची आतडी मात्र खड्ड्यात जाऊ द्या.