वेदीला विटाळ कसला?

दिनांक १० जानेवारी २०२१ रोजी, प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या दिवशी, पोप फ्रान्सिस ह्यांनी ‘स्पिरितुस दोमिनी’ ह्या आज्ञापत्राद्वारे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील २३० व्या कलमाच्या पहिल्या परिच्छेदातून एक शब्द वगळला. तो शब्द होता ‘पुरुष’. त्या दिवसापर्यंत वाचक आणि वेदीसेवक ही दोन सेवापदे कायमस्वरूपी धारण करण्याचा अधिकार केवळ प्रापंचिक पुरुषांना होता. त्या दिवसापासून तो प्रत्येक पात्र प्रापंचिकाला, म्हणजेच स्त्रीलाही मिळाला. पुढे २३ जानेवारी २०२२ रोजी, देवशब्दाच्या रविवारी, रोम येथील संत पेत्राच्या महामंदिरात पोप महोदयांनी प्रापंचिक स्त्रियांना व पुरुषांना स्वहस्ते वाचकपद बहाल केले.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी देवाघरी गेले. त्यांच्यासाठी आपण मिस्सा अर्पिल्या, देवळाबाहेर त्यांचे फलक लावले, त्यांच्या साधेपणावर भाषणे केली. त्यांनी उघडलेल्या ह्या दाराचे आपण काय केले? दार उघडे आहे आणि उंबरठ्यावर आपणच आडवे बसलो आहोत. हे ‘आपण’ म्हणजे प्रामुख्याने आम्ही धर्मगुरू. तेव्हा हा लेख माझ्या धर्मगुरूबंधूंशी घातलेला वाद आहे आणि तो धर्मग्रामातील कुटुंबांनी ऐकावा म्हणून उघड घातला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या धर्मग्रामांत धर्मशिक्षणाचे वर्ग कोण घेते? बहुतांशी आया आणि धर्मभगिनी. मे महिन्यात आळीतल्या क्रुसाजवळ जपमाळेची प्रार्थना कोण चालविते? आजारी माणसाच्या घरी धर्मगुरूंच्या आधी कोण पोहोचते? शनिवारी संध्याकाळी देऊळ झाडून, वेदीवरील वस्त्रे धुऊन, इस्त्री करून, फुले मांडून कोण जाते? वेदीचे वस्त्र धुण्यास स्त्रीचा हात चालतो. त्याच वेदीपाशी पुस्तक धरून उभे राहावयाचे म्हटले, की आमच्या भुवया वर जातात. ह्या विसंगतीचे समर्थन मी अनेक प्रकारे ऐकले आहे. त्यांतील काही युक्तिवाद विचारार्ह आहेत, काही नाहीत, आणि एक असा आहे की तो कोणी मोठ्याने उच्चारीतच नाही.

पहिला युक्तिवाद असा : “स्त्रिया वाचने वाचतातच की! आता पद आणखी कशाला?” वरवर पाहता हा उदार वाटतो. परंतु ज्याने हे विचारले त्याने स्वतः सेमिनरीत वाचकपद व वेदीसेवकपद रीतसर स्वीकारलेले असते. मलाही ती मिळाली. वाचकपदाच्या विधीत महागुरूस्वामी उमेदवाराच्या हाती बायबल देतात; वेदीसेवकपदाच्या विधीत भाकरीचे अथवा द्राक्षारसाचे पात्र देतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पोप पॉल सहावे ह्यांनी जुनी ‘लघुपदे’ रद्द करून त्यांच्या जागी ही दोन सेवापदे ठेविली, तेव्हाच स्पष्ट केले होते की ती केवळ पुरोहितपदाच्या उमेदवारांसाठी राखून ठेवण्याची नाहीत. आपण काय केले? पन्नास वर्षे त्यांचा उपयोग पुरोहितपदाकडे नेणारे थांबे म्हणूनच केला. प्रापंचिक पुरुषांनाही ती सहसा दिली नाहीत. परिणाम असा, की जो तरुण ते पद वर्ष-दोन वर्षे भूषवून पुढे जाणार, त्याच्यासाठी महागुरूस्वामी, विधी आणि आशीर्वाद. आणि जी शिक्षिका पंचवीस वर्षे दर रविवारी देवशब्द वाचते, तिच्यासाठी सूचनाफलकावरची यादी. ती यादीही धर्मगुरूंच्या बदलीबरोबर बदलते. नवे फादर आले, त्यांना तिचा आवाज आवडला नाही किंवा तिच्या दिराचे राजकारण आवडले नाही, की तिची सेवा संपली. पद म्हणजे मिरविण्याचा बिल्ला नव्हे. पद म्हणजे तयारीची सक्ती, स्थैर्याची हमी आणि ख्रिस्तसभेने जाहीरपणे दिलेला शब्द. जो शब्द आपण एकविशीतल्या सेमिनेरियनला देतो, तो तिला देण्यात कंजूषी का?

दुसरा युक्तिवाद परंपरेचा. परंपरेविषयी मला आदर आहे. परंतु तिचा इतिहास ज्याला ठाऊक नाही त्याने तिचे नाव घेऊन इतरांना दटावू नये. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप संत पायस दहावे ह्यांनी चर्चसंगीतासंबंधी आज्ञापत्र काढले. त्यात असे ठरविले होते की चर्चमधील गायक उपासनेतील खरे सेवाकार्य करतात आणि स्त्रिया असे कार्य करण्यास पात्र नसल्यामुळे त्यांना गायकवृंदात घेता येणार नाही. उंच पट्टीचे स्वर हवे असतील तर मुलगे घ्यावेत. वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील गायकवृंद क्षणभर डोळ्यांपुढे आणा आणि त्यातून स्त्रिया वजा करा. उरतील ते हार्मोनियमवाले आणि दोन काका. १९१७ च्या कायदेसंहितेने तर मिस्सेत सेवा करण्यास कोणी पुरुष नसेल तरच स्त्रीला प्रतिसाद म्हणण्याची मुभा दिली होती, तीही दुरून, वेदीजवळ न जाता. १९५५ साली पोप पायस बारावे ह्यांनी गायकवृंदाची अट सैल केली. १९७० साली स्त्रियांना वाचनाची परवानगी मिळाली. १९७३ साली ख्रिस्तप्रसाद वाटण्याच्या असाधारण सेवेत त्यांचा समावेश झाला. १९८० साली रोमने मुलींच्या वेदीसेवेला ‘नाही’ म्हटले आणि १५ मार्च १९९४ च्या पत्राने तीच गोष्ट बिशपांच्या संमतीने होऊ शकते असे कळविले. २०१६ च्या आदेशाने पवित्र गुरुवारी पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांचा समावेश झाला. ह्यांपैकी प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी ‘परंपरा बुडाली’ म्हणून हंबरडा फोडला असेल. त्या हंबरड्यानंतरही मिस्सा मिस्साच राहिली.

परंपरेचाच विषय निघाला आहे म्हणून सांगतो. चौथ्या शतकातील जेरुसलेममध्ये पवित्र सप्ताह कसा पाळला जाई, झावळ्यांच्या रविवारी लोक कोठून कोठे चालत जात, क्रुसाचे दर्शन कसे घेत, ह्याची जी तपशीलवार माहिती उपासनाशास्त्राचे प्राध्यापक आम्हाला मोठ्या अभिमानाने शिकवीत, ती इजेरिया नावाच्या एका यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवली आहे. तिच्या लेखणीवाचून पुरातन उपासनेच्या आमच्या कितीतरी नोंदवह्या कोऱ्या राहिल्या असत्या. आणि फिबीचा परिचय करून देताना रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल ज्या शब्दाने तिला किंख्रिया येथील मंडळीची सेविका म्हणतो, त्या मूळ ग्रीक शब्दावर विद्वान आजही वाद घालीत आहेत. त्या वादात मी येथे शिरत नाही. डीकनपदाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो वेगळ्या लेखाचा आहे.

इथेच तिसरी हरकत येते : “आज वाचकपद, उद्या डीकनपद, परवा पुरोहितपद!” ही भीती बाळगणाऱ्यांनी आणि हीच आशा बाळगणाऱ्यांनीही २०२१ चे पत्र नीट वाचावे. पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यासोबत कार्डिनल लादारिया ह्यांना लिहिलेल्या पत्रात, स्त्रियांना पुरोहितदीक्षा देण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला नाही, ह्या संत जॉन पॉल दुसरे ह्यांच्या १९९४ च्या निर्णयाचे स्मरण करून दिले आहे. त्यांच्या मते वाचकपद आणि वेदीसेवकपद ह्यांचा पाया दीक्षा नव्हे, बाप्तिस्मा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरील संविधानात हेच सांगितले होते : उपासनेतील सहभाग हा बाप्तिस्म्याने लाभलेला हक्क आहे आणि कर्तव्यही. माझ्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलांचे पान वेगळे आणि मुलींचे वेगळे नाही. पाणी तेच, तेल तेच. जे बाप्तिस्म्यातून मिळते ते पुरोहितपदाच्या भीतीपोटी रोखून धरणे म्हणजे शेजाऱ्याचे देणे बुडविण्यासाठी सावकाराचे नाव पुढे करणे होय.

“मुली आल्या की मुलगे वेदीवर येत नाहीत, आणि मुलगे आले नाहीत तर पाचारणे कोठून येणार?” ही तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. १९९४ च्या पत्रातही मुलांच्या वेदीसेवेची परंपरा जोपासण्याचे कर्तव्य सांगितले आहे. परंतु मुलगे कमी होण्याचे कारण मुली आहेत की रविवारचा क्लास, क्रिकेट आणि आम्हा धर्मगुरूंना त्यांच्यासाठी नसलेला वेळ, हे एकदा प्रामाणिकपणे तपासावे.

आता त्या न उच्चारलेल्या कारणाकडे येतो. अनेक ठिकाणी मुली वेदीसेवा करतात. आठ-नऊ वर्षांच्या त्या मुली शुभ्र झग्यात किती शिस्तीने उभ्या राहतात! मग बारा-तेरा वर्षांची झाली, की एखाद्या रविवारी ती दिसत नाही. विचारले तर आई म्हणते, “फादर, आता ती मोठी झाली.” तिच्याच वर्गातला मुलगा मोठा होतो तेव्हा त्याला धूपपात्र हाती मिळते, ती मोठी होते तेव्हा तिला बाकावर परत पाठविले जाते. कोणी नियम लिहिलेला नसतो. कोणी तिला स्पष्ट काही सांगितलेले नसते. पण तिला कळते. आजीने ‘कावळा शिवला’ म्हणून तिला कोपऱ्यात बसविण्याचे दिवस आपल्या घरांतून गेले, असे आपण म्हणतो. ते देवळाच्या कठड्याआड जाऊन बसले आहेत.

ह्याचा दोष शेजारच्या समाजावर ढकलण्याची आपली जुनी सवय आहे. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश मिळाला, २०१८ साली शबरीमलाचा निकाल लागला, तेव्हा आपल्यातील अनेकांनी हिरिरीने स्त्रियांची बाजू घेतली. परंतु लेवीयच्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय आपल्याच बायबलात आहे आणि विटाळाची कल्पना आपल्याही वारशात आहे. भेद इतकाच, की तिचे उत्तरही आपल्याच वारशात आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने त्रस्त असलेली स्त्री गर्दीतून वाट काढीत आली आणि तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. नियमानुसार प्रभूला विटाळ व्हावयास हवा होता. मार्क सांगतो, प्रभूतून सामर्थ्य निघाले आणि ती बरी झाली. प्रभूने तिला भर गर्दीत पुढे बोलाविले, ते दटावण्यासाठी नव्हे. ‘मुली’ अशी हाक मारून तिच्या विश्वासाची वाखाणणी करण्यासाठी. पुढे इंग्लंडमध्ये सुवार्ताप्रसार करणाऱ्या कँटरबरीच्या ऑगस्टिनने रोमला विचारले, की मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने देवळात यावे काय, ख्रिस्तप्रसाद घ्यावा काय? इतिहासकार बीड ह्यांनी नोंदविलेले पोप थोर संत ग्रेगरी ह्यांचे उत्तर असे, की तिला मनाई करू नये. निसर्गाने जे घडते तो तिचा अपराध नव्हे, आणि मार्कच्या शुभवर्तमानातील त्याच स्त्रीचा दाखला त्यांनी दिला. हा पत्रव्यवहार सातव्या शतकाच्या आरंभीचा. चौदाशे वर्षांपूर्वी रोमने निकालात काढलेला प्रश्न आपण तेरा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पुन्हा टाकीत आहोत. ज्या देहाने तिची आई तिला जन्म देते, तशाच स्त्रीदेहातून देवपुत्राने आपला देह घेतला, हे आपण दर रविवारी विश्वासांगिकारात मस्तक लववून म्हणतो ना?

माझे काही बंधू २००१ च्या रोमच्या पत्राकडे बोट दाखवितात. बिशपांनी संमती दिली तरी मुलींना वेदीसेवेत घेण्याची सक्ती कोणत्याही धर्मगुरूवर नाही, असे त्यात म्हटले आहे हे खरे. सक्ती नाही. पण मग नकाराचे कारण त्या मुलीच्या आईवडिलांना तोंडावर सांगता येईल असे तरी असावे. जे कारण सांगताना आपली मान खाली जाते, त्यावर उपासनेचा नियम उभारू नये.

भारतातील बिशपांनी २००८ साली जमशेदपूर येथील महासभेत स्त्रियांच्या सबलीकरणाचा विषय घेतला. २०१० साली लिंगभाव धोरणाची पुस्तिका काढली. धर्मग्रामाच्या ऑफिसातील कपाटात ती असावी. धूळ झटकून वाचण्याजोगी आहे.

आता दोन शब्द माझ्या भगिनींना. वाचन हा मान समजून साडीचा रंग ठरविण्यात शनिवार घालवू नका. कोणत्या वाडीचे किती जण, कोणाच्या लग्नाचा वाढदिवस, कोणी पंख्याची देणगी दिली, ह्यावर वाचक ठरविण्याची रीत स्त्री-पुरुष दोघांनीही मोडली पाहिजे. हबक्कूकचे नाव मिस्सेत प्रथमच पाहणाऱ्याने, मग तो वकील असो की बाई, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहू नये. पदासाठी अभ्यास लागतो : पवित्र शास्त्राचा, उपासनेच्या वर्षाचा, आवाजाचा. तो अभ्यास शिकविण्याची जबाबदारी आमची. ती आम्ही घेत नाही आणि मग ‘तयारी नाही’ म्हणून पद नाकारतो, हेही थांबले पाहिजे.

तेव्हा पाळकीय परिषदेच्या पुढील सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या. आपल्या धर्मग्रामात वर्षानुवर्षे वाचणाऱ्या, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या स्त्रिया कोण, ते लिहून काढा. पुरुषांचीही नावे लिहा. ज्या मुली तेराव्या वर्षी बाकावर गेल्या, त्यांना कोणी पाठविले ते विचारा. वय आणि पात्रता ठरविण्याचा अधिकार बिशप परिषदेचा आहे, पदप्रदान महागुरूस्वामींच्या हातून होते. परंतु योग्य नावे त्यांच्यापुढे ठेवण्याचे काम धर्मग्रामाचेच आहे, आणि त्यासाठी रोमहून आणखी एखादे पत्र येण्याची गरज नाही.