चार वाजताची खुर्ची

12 डिसेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलवाल्यांच्या बाजूने एक निकाल दिला. हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाला पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने दिली, तर त्यासाठी वजनमापाच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकत नाही. कारण तो नुसती बाटली विकत घ्यायला आलेला नसतो, तिथली जागा आणि सेवाही तो घेत असतो. बाटलीचा वाद मिटला म्हणून धंद्यात समाधान पसरले, पण निकालामागचा विचार आपण पुरता पचवला नाही. आपला मुख्य माल डोसा नाही, की सुरमई थाळीही नाही. आपण विकतो ती खुर्ची, तासाच्या हिशेबाने. आणि हा माल भाजीपेक्षाही नाशवंत आहे. उरलेली कोथिंबीर निदान चटणीत जाते. आज दुपारी चारला रिकामी राहिलेली खुर्ची शनिवारी रात्री नऊच्या गर्दीसाठी राखून ठेवता येत नाही. तरीही आपले मेनूकार्ड या दोन्ही खुर्च्यांना एकच भाव लावते.

समजा, एका हॉटेलात बारा टेबले, 48 खुर्च्या आहेत आणि ते सकाळी अकरा ते रात्री अकरा उघडे असते. महिन्याला 17,280 खुर्ची-तास झाले. भाडे दीड लाख धरू. नोव्हेंबर 2017पासून बहुतेक रेस्टॉरंटांना पाच टक्के जीएसटी लागतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही; म्हणून भाड्यावरचा 18 टक्के कर खर्चातच जातो आणि भाडे 1,77,000 पडते. पगार तीन लाख धरले तर एका खुर्ची-तासामागे साधारण साडेसत्तावीस रुपये येतात. निम्मे तास खुर्च्या रिकाम्या असतील, तर पंचावन्न. वीस रुपयांच्या चहावर तासभर बसणाऱ्याकडे गल्ल्यावरून रागाने पाहिले जाते ते या आकड्यापायी. पण हा राग चार वाजता चुकीचा असतो. भाडे आणि पगार तो आला नसता तरी द्यायचेच होते. त्याच्या बसण्याने खर्च वाढला तो दूध-साखरेचा आणि थोड्या गॅसचा. रात्री नऊला मात्र त्याच खुर्चीसाठी दाराशी कुटुंब ताटकळत असते आणि चहावाल्याने अडवलेल्या जागेची किंमत एका पूर्ण जेवणाइतकी होते. सरासरी काढणारा हिशेबनीस हा फरक झाकून टाकतो.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हे पुस्तकाशिवाय कळले होते. इराण्याच्या हॉटेलात फार वेळ बसू नका अशी पाटी असे आणि अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवण्यात कुणाला संकोच नसे. अमर्यादित थाळीची गंमत तर याहून मोठी. लोकांना वाटते, तिथे मालक पोळ्यांवर नुकसान सोसतो. प्रत्यक्षात तिथे ऑर्डर घेणे नाही, पदार्थ तयार होण्याची वाट पाहणे नाही, भाव आधीच ठरलेला. बसल्याबरोबर वाढप्यांची रांग लागते आणि टेबल लवकर फिरते. पोळ्या जास्त जातात, वेळ कमी जातो, आणि महाग असतो तो वेळ. उडुपी हॉटेलात तोच मसाला डोसा एसी विभागात जास्त दराने मिळतो. त्याला फसवणूक कुणी म्हणत नाही, कारण वर जायचे की खाली बसायचे हे गिऱ्हाईकच ठरवते.

मग गर्दीच्या वेळी सरसकट भाव वाढवावेत का? इथे अर्थशास्त्रज्ञांचे आपसातच पटत नाही. गॅरी बेकर यांनी 1991 साली एका टिपणात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या एका मासळीच्या रेस्टॉरंटाचा दाखला दिला. त्याच्या दाराशी रांग असे, समोरच्या तशाच रेस्टॉरंटात जागा रिकाम्या असत, तरी पहिला मालक भाव वाढवत नव्हता. बेकर यांचे उत्तर असे, की लोक लोकांना पाहून येतात. रांग हीच मागणी वाढवते, आणि भाव चढवून ती मोडली तर गिऱ्हाईक समोर जाईल. युक्तिवाद खरा आहे, पण तो ज्यांच्या दाराशी रांग आहे त्यांच्यापुरता. कानेमन, नेच आणि थेलर यांच्या 1986 सालच्या अभ्यासाची हरकत जास्त वजनदार आहे. हिमवादळानंतर फावड्याचा भाव 15 डॉलरवरून 20 करणारा दुकानदार 82 टक्के लोकांना अन्यायी वाटला. फेब्रुवारी 2024मध्ये वेळेनुसार भाव बदलण्याची भाषा करताच अमेरिकेतल्या वेंडीज कंपनीवर टीकेची झोड उठली, आणि गर्दीत भाव वाढवणार नाही, मंदीच्या वेळी सूट देऊ, असा खुलासा तिला करावा लागला. गणिताने दोन्ही एकच. माणसाच्या मनात मात्र एक लूट आहे आणि दुसरी सवलत. म्हणून कार्डावर नऊ वाजताचा भाव छापावा आणि चार वाजता त्यातून उघडपणे कमी करावे. उलटे करू नये. बिलाच्या तळाशी काही चिकटवणे तर नाहीच. सक्तीचा सेवा आकार बेकायदा असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025मध्ये स्पष्ट केले आहे.

दुसरी हरकत जुन्या वळणाच्या मालकांची: पाहुण्याला घड्याळ दाखवणे आपल्या रीतीत बसत नाही. मान्य. पण वेळ नेहमी जेवणातच जातो असे नाही. वेटरने पाहावे म्हणून हात वर करण्यात, बिलाची वाट पाहण्यात, कार्ड-मशीन सापडेपर्यंत पाहुणा ताटकळतो, आणि तिथे वाचलेल्या पाच मिनिटांबद्दल तो आभारच मानील. कॉर्नेल विद्यापीठाच्या शेरिल काइम्स 1998पासून हेच मांडत आल्या आहेत: विक्री पदार्थागणिक मोजू नका, खुर्ची-तासागणिक मोजा. चौघांच्या टेबलावर दोघे बसले की दोन खुर्च्या भर गर्दीत वाया जातात. दोघांची टेबले ठेवून ती हवी तेव्हा जोडणे हा भटारखान्यात नवी भट्टी आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. घरपोच ऑर्डरलाही हीच कसोटी लावावी. ती खुर्ची अडवत नाही, पण नऊ वाजता तवा अडवते. कमिशन देऊन ती घ्यायची तर चार वाजता घ्यावी.

वाचकांना विनंती एवढीच, की पुढचे पंधरा दिवस गल्ल्यावर एक वही ठेवा आणि दर तासाला किती खुर्च्या भरलेल्या आहेत तेवढा आकडा कॅप्टनला लिहायला सांगा. आकडे आमच्याकडे पाठवलेत तर हॉटेलाचे नाव न देता पुढील अंकात छापू.